तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा अन् किंमत वीस-तीस हजार! माउंटन बाइकवाले ही ‘लिंक’ का बदलतात?

इन्स्टाग्राम उघडलं की दहा रील्समागे एक रील असतंच. अमेरिकेतल्या युटाचा लालभडक डोंगर, कड्यावर सायकल घेऊन उभा असलेला माणूस, आणि पुढच्या सेकंदाला तो हवेत. खाली पडतो ते थेट दोन चाकांवर. सायकल मागून अशी दबते की वाटतं आता मोडणार. पण मोडत नाही, वर येते आणि गडी पुढं निघून जातो.

खाली कमेंट ठरलेली असते. “भावा, याचा शॉकअप कुठला?”

प्रश्न बरोबरच आहे, पण अर्धा. मागचा शॉकअप किती चांगलं काम करणार हे एकट्या शॉकअपवर ठरत नाही. चाक आणि शॉकअप यांच्या मधे एक छोटीशी जोडणी असते, तिला लिंकेज म्हणतात. गेल्या काही वर्षांत ही जोडणीच काढून तिच्या जागी दुसऱ्या कंपनीची जोडणी बसवायची क्रेझ परदेशातल्या माउंटन बाइकवाल्यांमध्ये वाढली आहे. अमेरिकेतली कॅस्केड कंपोनंट्स नावाची कंपनी तर सँटा क्रूझ, स्पेशलाइज्ड, ट्रान्झिशन अशा ब्रँडच्या ठराविक मॉडेलसाठी याच लिंक बनवण्यामुळे ओळखली जाते.

तळहातावर मावेल एवढा तुकडा, किंमत साधारण २०० ते ४०० डॉलर. म्हणजे कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरायच्या आधीच वीस ते पस्तीस हजारांच्या घरात. एवढ्या पैशात आपल्याकडे गिअरची चांगली सायकल येते.

मग या तुकड्यात असं आहे तरी काय? आणि पैसे टाकण्यासारखं खरंच काही आहे का? बघूया.

आधी शॉकअपच नव्हता

माउंटन बाइकिंगची गोष्ट सुरू होते कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत. १९७० च्या दशकात तिथली पोरं जुन्या, जाडजूड टायरच्या सायकली माउंट टॅमलपायसच्या परिसरातल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथं पहिली ‘रीपॅक’ शर्यत झाली. तीन-साडेतीन किलोमीटरचा रस्ता आणि त्यात सुमारे ४०० मीटरचा उतार.

रीपॅक हे नाव का? तर त्या सायकलींना ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असायचा. उतरताना तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा. खाली पोचल्यावर हब उघडून परत ग्रीस भरावं लागायचं. इंग्रजीत त्याला म्हणतात रीपॅक करणं.

जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची ही माउंटन बाइकिंगमधली मोठी नावं याच मंडळीतली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टंपजंपर आली आणि माउंटन बाइक कारखान्यात मोठ्या संख्येनं बनायला लागली. पण या सायकलींना शॉकअप नव्हता, ना पुढं ना मागं. धक्का सोसायचे ते हात आणि गुडघे.

पुढचा शॉकअप आला १९८९ च्या सुमाराला. पॉल टर्नर याच्या रॉकशॉक्स कंपनीनं आरएस-१ नावाचा फोर्क काढला. दुसऱ्याच वर्षी, १९९० मध्ये, ग्रेग हरबोल्डनं तोच फोर्क लावून डाउनहिलची जागतिक स्पर्धा जिंकली. त्यानंतर शॉकअपला ‘फालतू वजन’ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

मागच्या चाकाची गोची

पुढच्या चाकाचं काम सोपं असतं. दोन नळ्या एकात एक सरकतात, विषय संपला. मागच्या चाकाला मात्र चेन असते. चाक वर-खाली व्हायला लागलं की चेन ताणते किंवा सैल पडते. पायडल मारताना सायकल घोड्यासारखी उसळ्या खाते आणि जोर रस्त्याऐवजी शॉकअपमध्ये मुरतो.

हे कोडं सोडवायला धावून आले मोटारसायकलवाले.

त्यांच्याकडे हे प्रयोग आधीच होऊन गेले होते. बेल्जियमच्या लुसिएन टिल्केन्स यांच्या कल्पनेवरून यामाहानं मोटोक्रॉस गाडीला मागं दोनऐवजी एकच शॉकअप लावला, आणि १९७३ मध्ये हकान अँडरसननं त्या गाडीवर २५० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवलं. आज आपण ज्याला ‘मोनोशॉक’ म्हणतो ते हेच. पुढं १९८० च्या आसपास कावासाकीनं युनि-ट्रॅक, होंडानं प्रो-लिंक आणि सुझुकीनं फुल फ्लोटर अशा नावांनी चाक आणि शॉकअप यांच्यामधे लिंकेज घातलं. चाक जसजसं वर जाईल तसतसा शॉकअप जास्त कडक लागावा, ही त्यामागची आयडिया.

सायकलीकडे ही विद्या घेऊन आलेल्यांपैकी एक होते मर्ट लॉविल, १९६९ चे अमेरिकेचे मोटारसायकल रेसिंग चॅम्पियन. गॅरी फिशर कंपनीची सुरुवातीची फुल सस्पेन्शन सायकल त्यांच्याच डिझाइनची. दुसरे हॉर्स्ट लाइटनर. मूळचे ऑस्ट्रियाचे आणि तेही मोटोक्रॉसवाले. मागच्या एक्सलच्या जरा पुढं, खालच्या दांडीवर त्यांनी एक सांधा दिला आणि चेन, ब्रेक व शॉकअप यांची भांडणं बरीच कमी केली. तो सांधा आजही ‘हॉर्स्ट लिंक’ म्हणून ओळखला जातो. १९९८ मध्ये स्पेशलाइज्डनं त्याचं पेटंट विकत घेतलं. पुढं सँटा क्रूझची व्हीपीपी आली, डेव्ह वीगल यांची डीडब्ल्यू-लिंक आली. नावं वेगळी, पण सगळ्यांचं भांडण एकाच गोष्टीवर. सांधे कुठं द्यायचे?

अडकित्त्यातून समजून घ्या

आता मुद्द्याचं. लिंकेज नेमकं करतं काय?

घरातला अडकित्ता डोळ्यासमोर आणा. सुपारी सांध्याजवळ असते, हात दांड्याच्या टोकाला. हात खूप फिरतो, पाती थोडीच सरकते, पण हाताचा जोर सुपारीवर कितीतरी पटीनं पडतो. सुपारी सांध्याच्या जितकी जवळ, तितकी झटकन फुटते. जरा बाहेर सरकवली की जास्त जोर लावावा लागतो.

सायकलीत दांड्याच्या टोकाला चाक असतं आणि सुपारीच्या जागी शॉकअप. मागचं चाक १५० मिलिमीटर वर-खाली होतं, पण शॉकअप जेमतेम ५५ मिलिमीटर दबतो. १५० भागिले ५५ केलं की येतं साधारण २.७. याला म्हणतात लिव्हरेज रेशो. चाक २.७ मिलिमीटर हललं की शॉकअप १ मिलिमीटर दबतो, आणि चाकावरचा जोर शॉकअपवर २.७ पट होऊन पोचतो.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. रेशो मोठा असेल तर शॉकअप सहज दबतो आणि मागचं चाक मऊ वाटतं. रेशो लहान असेल तर शॉकअप दबायला जड जातो आणि चाक कडक वाटतं.

गंमत अशी, की हा रेशो पूर्ण प्रवासात एकसारखा नसतो. चाक वर जाताना सांध्यांचे कोन बदलतात आणि त्यांच्याबरोबर रेशोही बदलतो. अडकित्ता दाबता दाबता सुपारी आपोआप बाहेर सरकत गेली तर जसं होईल, तसं. सुरुवातीला हलकं, शेवटी जड.

सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेशोमध्ये जो फरक पडतो त्याला प्रोग्रेशन म्हणतात, आणि ते टक्क्यांत मोजतात. रेशो ३ वरून २.४ वर आला, तर प्रोग्रेशन २० टक्के.

आफ्टरमार्केट लिंक विकणारे मुख्यतः हीच गोष्ट विकतात. जास्त प्रोग्रेशन.

आकड्यांत काय फरक पडतो?

समजायला सोपं जावं म्हणून एक कल्पित सायकल घेऊ. शॉकअपचा स्ट्रोक ५५ मिलिमीटर.

कंपनीच्या लिंकवर रेशो २.९ पासून सुरू होतो आणि सरळ रेषेत २.५ वर संपतो. प्रोग्रेशन सुमारे १४ टक्के, चाकाचा प्रवास साधारण १४८ मिलिमीटर.

नवीन लिंक बसवली. आता रेशो ३.१ पासून सुरू होऊन २.४ वर संपतो. प्रोग्रेशन झालं साडेबावीस टक्के, प्रवास झाला साधारण १५१ मिलिमीटर.

कागदावर १४ वरून थेट साडेबावीस. जाहिरातीत हाच आकडा मोठ्या अक्षरात असतो. पण बुडाला काय जाणवणार?

सुरुवातीला शॉकअपच्या आत रबरी सीलचं घर्षण असतं, ते तोडल्याशिवाय तो हलत नाही. रेशो २.९ चा ३.१ झाल्यामुळे ते घर्षण तोडायला चाकावर लागणारा जोर साधारण ६ टक्क्यांनी कमी होतो. छोटे खडे, झाडांची मुळं, खडबडीत रस्ता यावर मागचं चाक जमिनीला जास्त चिकटून राहतं.

शेवटी काय होतं? आता शॉकअप सहज दबतो म्हणून त्यात थोडी जास्त हवा भरावी लागते, आपल्या हिशोबात सुमारे ४ टक्के. ती जास्तीची हवा आणि शेवटचा लहान रेशो एकत्र केले, तर पूर्ण दबायच्या क्षणी चाकाला मिळणारा विरोध साधारण ८ टक्क्यांनी वाढतो.

म्हणजे सुरुवातीला ६ टक्के मऊ, शेवटी ८ टक्के कडक. जादू नाही, पण थोडकंही नाही. मोठ्या उडीनंतर शॉकअप ‘खट्’ करून तळाला आदळणं आणि तळाच्या जरा आधी थांबणं, यातला फरक अनेकदा एवढाच असतो. आणि तो आदळल्याचा धक्का थेट फ्रेमला, शॉकअपच्या बोल्टला आणि तुमच्या घोट्याला बसतो.

मग कंपनीनं आधीच का नाही केलं?

हा प्रश्न पडायलाच हवा. एवढे इंजिनिअर बसलेत, त्यांना कळलं नाही का?

कळलं होतं. पण कंपनीला एकच सायकल ५५ किलोच्या पोरीलाही विकायची असते आणि १०० किलोच्या गड्यालाही. बहुतेक गिऱ्हाईक कड्यावरून उड्या मारत नाहीत, जंगलातल्या वाटेवर फिरून घरी येतात. प्रोग्रेशन फार ठेवलं तर हे लोक शॉकअपचा शेवटचा भाग कधी वापरूच शकणार नाहीत. १५० मिलिमीटरचे पैसे भरले आणि वापरले १२०, अशी गत.

दुसरं कारण हवेचं. आजकाल बहुतेक शॉकअपमध्ये स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा असते. सायकलचा पंप तोंडाला बोट लावून दाबून बघा. सुरुवातीला सोपा, शेवटी दगडासारखा. हवा मुळातच प्रोग्रेसिव्ह असते. त्यामुळे कित्येक जुन्या फ्रेम मुद्दाम कमी प्रोग्रेशनच्या बनवल्या गेल्या. शेवटचा कडकपणा हवा सांभाळून घेईल, असा हिशोब.

पण मग लोकांना कॉइल शॉकअप आवडायला लागला. कॉइल म्हणजे गुंडाळीची स्प्रिंग, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच चालीनं कडक होत जाते. अशी स्प्रिंग कमी प्रोग्रेशनच्या फ्रेमवर लावली की प्रत्येक उडीला तळ गाठते. कॉइलसाठी प्रोग्रेशन साधारण २० टक्के किंवा जास्त असावं, असा ढोबळ नियम आहे. आफ्टरमार्केट लिंकचं सगळ्यात पटणारं गिऱ्हाईक इथंच सापडतं. फ्रेम आवडती आहे, कॉइल लावायचाय, पण आकडा १२-१४ वर अडकलाय.

आणि तिसरी गोष्ट. अलीकडच्या बऱ्याच सायकली कंपनीतूनच २० ते ३० टक्के प्रोग्रेशन घेऊन येतात. त्यांच्यावर वेगळी लिंक लावून फारसं काही हाती लागत नाही. उलट शॉकअप शेवटी भिंतीसारखा वाटायला लागतो.

रीलमध्ये न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी

पहिली गोष्ट, सायकलचा आकार बदलतो. लिंकची लांबी मिलिमीटर-दोन मिलिमीटरनं बदलली तरी मागचा भाग वर-खाली होतो. पायडलची उंची कमी झाली तर खडकावर पायडल आपटतं. पुढच्या फोर्कचा कोन बदलला तर वळणावर सायकल वेगळी वाटते. काही लिंक हा आकार जसाच्या तसा ठेवायचा प्रयत्न करतात, काही मुद्दाम बदलतात. घ्यायच्या आधी वाचलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट धोक्याची आहे. प्रवास वाढला म्हणजे मागचं टायर आधीपेक्षा वर येणार. वर काय आहे? सीटखालची नळी आणि खाली केलेली सीट. पूर्ण वेगात टायर फ्रेमला घासलं तर चाक एका झटक्यात अडतं, आणि पुढं काय होतं ते सांगायला नको. लिंक बनवणारे त्यांच्या ठरवून दिलेल्या शॉकअपपुरता हा हिशोब करतात. तुम्ही वर आणखी लांब स्ट्रोकचा शॉकअप लावला की तो हिशोब मोडला.

तिसरी गोष्ट, वॉरंटी. बहुतेक सायकल कंपन्यांच्या अटींत मूळ भाग बदलून झालेलं नुकसान बसत नाही. उद्या सांध्याजवळ फ्रेमला तडा गेला, तर पहिला प्रश्न लिंकवरच येणार. म्हणून जुनी लिंक आणि तिचे बोल्ट फेकू नका. सायकल विकतानाही तेच कामाला येतात.

चौथी, जड माणसांसाठी. रेशो मोठा झाला की शॉकअपमध्ये हवा जास्त लागते. प्रत्येक शॉकअपला कमाल दाबाची मर्यादा असते. तुम्ही आधीच त्या मर्यादेजवळ असाल, तर नवीन लिंकनंतर हवा भरायला जागाच उरणार नाही.

पाचवी गोष्ट चढाची. सुरुवातीला जास्त मऊ म्हणजे पायडल मारताना थोडं जास्त हलणं. शॉकअपला लॉकची खटकी असेल तर ठीक, नसेल तर लांब चढावर ते जाणवतं.

पैसे टाकायच्या आधी हे करून बघा

‘माझा शॉकअप तळाला आदळतो’ ही तक्रार कित्येकदा वीस हजार न घालवताही सुटते.

एक, सॅग तपासा. सगळे कपडे, पाण्याची पिशवी, हेल्मेटसकट सायकलवर बसा. शॉकअपच्या दांड्यावर छोटी रबरी रिंग असते, ती सीलला टेकवा, हळूच उतरा आणि रिंग किती सरकली ते मोजा. ५५ मिलिमीटरच्या शॉकअपवर ३० टक्के सॅग म्हणजे साडेसोळा मिलिमीटर. तुमची रिंग बावीसवर असेल तर दोष लिंकचा नाही, हवा कमी आहे.

दोन, व्हॉल्यूम स्पेसर. हवेच्या शॉकअपमध्ये प्लॅस्टिकचे छोटे तुकडे घालून आतली जागा कमी करता येते. जागा कमी झाली की हवा शेवटी लवकर कडक होते. लिंकच्या तुलनेत खर्च किरकोळ. फरक एवढाच, की स्पेसरचा परिणाम मुख्यतः शेवटच्या टप्प्यात दिसतो. लिंक सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही बदलते, शिवाय शॉकअपच्या आतलं तेल चाकाला किती थोपवतं तेही बदलते. पण तक्रार फक्त तळाला आदळण्याची असेल तर स्पेसर पुरतो. कॉइलवाल्यांना मात्र ही सोय नाही.

तीन, सर्व्हिसिंग. रॉकशॉक्स आपल्या मागच्या शॉकअपच्या हवेच्या कप्प्याची सर्व्हिस दर ५० तासांनी करायला सांगते. आपल्यापैकी किती जण करतात? सुकलेलं सील आणि कमी झालेलं तेल असेल तर कुठलीही लिंक लावा, मागचं चाक लाकडासारखंच वाटणार.

चार, सांध्यांची बेअरिंग. शॉकअप काढून मागचं चाक हातानं वर-खाली करा. ते लोण्यासारखं हललं पाहिजे. करकरत असेल, अडकत असेल, तर बेअरिंग गेली. नवीन लिंक लावल्यावर ‘काय फरक पडलाय!’ म्हणणाऱ्यांपैकी काहींना खरं तर लिंकसोबत आलेल्या कोऱ्या बेअरिंगचा फरक जाणवत असतो.

पाच, टायरची हवा. दोन-चार पीएसआय इकडं-तिकडं केल्यानं खडबडीत रस्त्यावर जो आराम मिळतो, तो मिळवायला पैसे लागत नाहीत.

हे सगळं करूनही तीच तक्रार राहिली, तर लिंकचा विचार करायला हरकत नाही.

बसवायची कशी?

आधी आपलं मॉडेल, वर्ष आणि फ्रेमची साइज पक्की करा. एकाच नावाच्या सायकलीचा २०१९ चा आणि २०२१ चा सांधा वेगळा असू शकतो. ‘जवळपास बसतेय’ असली लिंक अजिबात लावू नका.

सायकल स्टँडला लावा आणि शॉकअप काढायच्या आधी आत किती हवा आहे ते लिहून ठेवा. मग हवेच्या शॉकअपची सगळी हवा सोडा. जुना भाग उघडताना कुठला वॉशर कुठं होता याचे मोबाइलवर फोटो काढा, हा सल्ला कुठलाही मेकॅनिक देईल. सांधे पुसा, बेअरिंगला ग्रीस लावा. बोल्टच्या आट्यांना कंपनीनं सांगितलं असेल तर थ्रेडलॉक लावा. ग्रीस कुठं आणि थ्रेडलॉक कुठं, यात गल्लत नको.

आणि बोल्ट टॉर्क रेंचनंच आवळा. ‘हाताला लागलं तेवढं’ हा हिशोब इथं चालत नाही. कमी आवळला तर सांधा खुळखुळतो आणि बोल्ट बाहेर येतो. जास्त आवळला तर बेअरिंग मरते किंवा कार्बन फ्रेमला इजा होते. किती न्यूटन-मीटर ते लिंकच्या माहितीपत्रकात असतं.

शॉकअपमध्ये हवा भरायच्या आधी एक परीक्षा घ्या. हवा नसलेल्या शॉकअपवर सायकल पूर्ण दाबा, सीट सगळ्यात खाली करून. टायर आणि फ्रेम, टायर आणि सीट, लिंक आणि फ्रेम, शॉकअपची बाटली आणि फ्रेम, प्रत्येक ठिकाणी मोकळी जागा दिसली पाहिजे. कॉइल असेल तर या परीक्षेपुरती स्प्रिंग काढून घ्या. कुठं टेकत असेल तर त्या सायकलवर बसू नका.

मग सॅग परत लावा, जुना दाब आता चालणार नाही. रिबाउंड म्हणजे शॉकअप परत उघडायचा वेग, तोही एखाद्या क्लिकनं बदलावा लागू शकतो. पहिल्या दोन-तीन राइडनंतर सगळे बोल्ट परत तपासा.

आपल्याकडच्या ‘डबल शॉकअप’ सायकलींचं काय?

हे वाचून कोणाला वाटेल, आपल्याही सायकलीला मागं शॉकअप आहे, लावू का लिंक?

आपल्याकडे दुकानात दहा-पंधरा हजारांत मिळणाऱ्या ‘डबल शॉकअप’ सायकली ही वेगळी जात आहे. बऱ्याच जणींच्या मागं नुसती स्प्रिंग असते, तिला थोपवणारं तेल नसतं. त्यामुळे ती दबते आणि उसळते, दबते आणि उसळते. सांध्यात बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकचे बुश असतात. अशा सायकलीसाठी कोणी लिंक बनवत नाही, आणि गल्लीतल्या लेथवर बनवून घ्यायच्या फंदात तर पडूच नका. सांध्याचं भोक अर्धा मिलिमीटर इकडं-तिकडं झालं तरी सगळा जोर एका बाजूला येतो आणि ॲल्युमिनियम सांगून तुटत नाही.

त्याच पैशात मागं शॉकअप नसलेली, पुढं बरा फोर्क आणि डिस्क ब्रेक असलेली सायकल घेतली तर रोजच्या रस्त्याला आणि टेकडीवरच्या वाटेला ती जास्त वर्षं साथ देते.

मग घ्यावी कोणी?

ज्याची फ्रेम चांगल्या कंपनीची पण कमी प्रोग्रेशनची आहे, ज्याला कॉइल लावायचाय, किंवा जो सॅग, स्पेसर आणि सर्व्हिसिंग सगळं करूनही उड्यांवर तळ गाठतोय, त्याच्यासाठी लिंक हा खरा उपाय आहे. पूर्ण नवी फ्रेम घेण्यापेक्षा स्वस्त पडतो आणि आवडती सायकल हातात राहते.

ज्याच्या सायकलचं प्रोग्रेशन आधीच पंचवीस टक्के आहे, जो उड्या मारत नाही, किंवा ज्यानं शॉकअपची सर्व्हिस दोन वर्षांत केलेली नाही, त्यानं तेच पैसे सर्व्हिस, चांगले टायर आणि नी-पॅडवर घालवावेत.

तुमच्या सायकलचं प्रोग्रेशन किती हे शोधायला फार वेळ लागत नाही. बऱ्याच मॉडेलचे लिव्हरेज रेशोचे आलेख नेटवर मिळतात. रेघेचा सुरुवातीचा आकडा घ्या, त्यातून शेवटचा वजा करा, परत सुरुवातीच्या आकड्यानं भागा आणि शंभरनं गुणा. दोन मिनिटांचं गणित आहे. पुढच्या वेळी रीलखाली शॉकअपचं नाव विचारायच्या आधी हे करून बघा.